मामलेदाराच्या पोटातलं शिसं

आमच्या वडिलांच्या तेरवीची पंगत बसली, वाढपी भात घेऊन निघाले, आणि उकंडाभाऊ मापाऱ्यानं खिशातून एक काडी काढून समोरच्या पाण्याच्या पेल्यात सोडली. वाकून, एक डोळा मिटून त्यानं ती निरखली. मग अख्ख्या मांडवाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "बुडते लेकाची!"

माझी आत्या रडता रडता थांबली. मी मुंडण केलेल्या डोक्यानं हात जोडून उभा होतो, तो तसाच उभा राहिलो. उकंडाभाऊनं काडी धोतराला पुसली, खिशात ठेवली आणि शांतपणे भातात वरण कालवलं.

काडी म्हणजे गळाच्या दोरीला बांधतात ती, पाण्यावर उभी राहणारी. खाली मासा आमिषाला लागला की वर ही हलते. आमच्या गावात, केनवडात, गळ टाकणारे पुष्कळ. कोणी ज्वारीच्या धांड्याचा तुकडा बांधायचा, कोणी फाटक्या स्लिपरचं रबर. मासा लागायचा, लोक घरी जाऊन कालवण करायचे. उकंडाभाऊच्या लेखी हे सगळे अडाणी. दुष्काळात गावाबाहेर पाझर तलाव खोदला गेला आणि पुढच्या पावसात तो भरला, तेव्हापासून हा माणूस तिथल्या थांबलेल्या पाण्यासाठी योग्य काडी शोधत होता. मासे काय, अधूनमधून लागायचे. ते तो हमालांना वाटून टाकायचा. मासा त्याला आवडतच नव्हता.

बाजारात तो मापारी होता. शेतकऱ्याची ज्वारी, तूर काट्यावर चढवायची आणि वजन पुकारायचं. मी तिथंच एका अडत्याकडे मुनीम. तो पुकारणार, मी लिहिणार. "बाबू" म्हणायचा मला. त्या शब्दात मान किती आणि टिंगल किती, हे मला कधी कळलं नाही. त्याला विचारलं असतं तर त्यानं तेही तोलून सांगितलं असतं.

काडीबद्दल त्याचे कायदे होते. ती खालच्या टोकाला, एकाच जागी बांधायची. "दोन जागी बांधली का ते चाकरी करते बाबू, मंग पान्याचं ऐकत नाही." दोरी पाण्याखाली गेली पाहिजे, म्हणजे वाऱ्यानं ओढली जात नाही. आणि मुख्य कायदा म्हणजे ज्वारीच्या एका दाण्याएवढंच डोकं पाण्यावर दिसलं पाहिजे. दोन दाणे दिसले तर काडी गर्विष्ठ. काहीच दिसलं नाही तर लाचार.

हा कायदा तो माणसांनाही लावायचा. आमचा शेठ म्हणजे धांड्याचा भेंड, पाणी पिऊन फुगणारा. हमाल शेषराव म्हणजे स्लिपरचं रबर, कुठंही टाका, वरच. आणि मी? भर बाजारात, पंधरा-वीस गाड्यावाले ऐकत असताना त्यानं सांगितलं, "बाबू म्हंजे बोरू. वरून गुळगुळीत, मधातून पोकळ."

लोक हसले. मीही हसलो. घरी जाऊन जेवलो नाही.

सामान जमवायचा त्याचा उद्योग तर बघण्यासारखा होता. मोराचं पीस पडलेलं दिसलं की तो चालत्या बैलगाडीतून उडी मारायचा. साळिंदराच्या एका काट्यासाठी अनसिंगपर्यंत पायी गेला आणि काटा वाकडा निघाला म्हणून देणाऱ्याशी भांडून आला. काडीचं बूड बंद करायला लाख लागायची. त्यासाठी पोहरादेवीच्या यात्रेत लोक दर्शनाला रांगा लावून उभे, आणि हा बांगड्यांच्या दुकानांपुढे वाकून लाखेच्या बांगड्यांचे तुकडे वेचतोय. विधुर माणूस! गावात वर्षभर चर्चा झाली. शेषराव तोंडावर म्हणाला, "कोनासाठी जमवून राह्यले भाऊ? पोरगी पाह्यली का काय?"

"पाह्यली," उकंडाभाऊ म्हणाला. "मोराच्या घरची हाय."

त्या मोराच्या घरच्या काडीचं नाव त्यानं ठेवलं मामलेदार. पिसाचा बुडाकडचा दांडा, वीतभर, सरळसोट, टोकाला लाखेचा लाल ठिपका. दोन शिशाच्या गोळ्या दोरीला दाबल्या की मामलेदार पाण्यात असा उभा राहायचा की वर बरोबर एक दाणा. अर्धा नाही, सव्वा नाही. ती काडी पाहायला त्यानं शेठला बोलावलं, मास्तरला बोलावलं, पोस्टमनची सायकल अडवून त्याला दाखवली. मला बोलावलं नाही. म्हणाला, "बाबूले काय दाखवायचं, त्याले वजन लिहिता येते, कळत नाही."

आता सांगून टाकतो. इतकी वर्षं बायकोलाही सांगितलं नव्हतं. आणि मी तेव्हा काही पोरगा नव्हतो, पस्तिशी उलटलेला, दोन लेकरांचा बाप होतो.

बाजाराच्या दिवशी उकंडाभाऊ आपली काड्यांची पिशवी माझ्या गादीमागे ठेवायचा. त्या दिवशी तो काट्यावर गुंतलेला असताना मी आणि शेषरावनं मामलेदार बाहेर काढला. तापवलेल्या दाभणानं बुडाची लाख सोडवली, आत दांड्याच्या पोकळीत मोहरीएवढं शिसं सोडलं, थोडा कापूस दाबला आणि लाख पुन्हा बसवली. शेषराव तोंडात उपरणं कोंबून हसत होता. मी अंगठ्यानं लाख गुळगुळीत केली. इतक्या मन लावून मी शेठचं कामही कधी केलं नव्हतं.

रविवारी आम्ही दोघं मुद्दाम तलावावर गेलो, आणि बाभळीआड बसलो. उकंडाभाऊनं मामलेदार पाण्यात सोडला. मामलेदार गेला खाली. उकंडाभाऊ खूष झाला, मासा समजून त्यानं दोरी ओढली. गळ रिकामा. पुन्हा सोडला, पुन्हा खाली. त्यानं दोरीची एक गोळी काढली. तेव्हा कुठं काडी वर आली, तीही वाकडी. मग तो उकिडवा बसला आणि काडी तळहातावर घेऊन डोळे मिटून राहिला. या हातावर, मग त्या हातावर. पुटपुटत होता. वारा त्याच्याकडून आमच्याकडे येत होता, ऐकू येत होतं.

"हात म्हनते, तेच वजन हाय. पानी म्हनते, जास्त हाय." त्यानं काडी उलटीसुलटी करून पाहिली. मग, "पानी काहून खोटं बोलंन?"

शेषरावचं हसू तिथंच थांबलं. "सांगून देऊ का बाबू?" त्यानं विचारलं. मी म्हणालो, "बस खाली."

पुढच्या बाजाराच्या दिवशी उकंडाभाऊ आला तो उशिरा. त्यानं काट्याची साखळी गोळा केली, वजनं ओळीनं लावली आणि सगळं माझ्या गादीपुढे आणून ठेवलं. माझ्याकडे नीट पाहिलं.

"हात खोटा झाला बाबू. काटा थरथरते तवा त्याले कुठं थांबवायचं ते हातच ठरवते. मी आता लोकायचा माल नाही तोलत."

लोकांनी समजूत घातली. शेतकरी तर पाया पडायचे बाकी राहिले, कारण मालाच्या पारड्याला खालून गुडघा लावून वजन न मारणारा अख्ख्या बाजारात हा एकच मापारी होता. त्यानं ऐकलं नाही. शेठनं नवा मापारी आणला. त्याच्या गुडघ्याचं वजन फार लवकर सगळ्यांना माहीत झालं. तो पुकारायचा आणि मी लिहायचो. शेतकरी काट्याकडे पाहायचा, मग माझ्याकडे पाहायचा. मी शाईत टाक बुडवायचो.

एका वाक्याचं काम होतं. ते वाक्य माझ्याकडून निघालं नाही. आधी लाजेमुळे, मग शेठच्या भीतीमुळे, मग इतका उशीर झाला म्हणून.

त्याऐवजी मी एक गोष्ट सुरू केली. रविवारी तलावावर जाऊन त्याच्याशेजारी बसू लागलो. भाकरी, पिठलं, ठेचा बांधून न्यायचो. बायको म्हणायची, "मासा नाही, का काही नाही, कायले जाता?" तिला काय सांगणार? उकंडाभाऊ आता दुसऱ्यांच्या शेतावर राखणीला होता, घरी एकटाच रांधून खायचा. त्याचा लेक अकोल्याला, तो दिवाळीलाही यायचं विसरायचा. तलावावर मात्र तो पूर्वीसारखाच असह्य. मी बनवलेली प्रत्येक काडी त्यानं पाच वर्षं नापास केली. "ही गर्विष्ठ." "ही लाचार." "हिले तं बाबू, तुमी परत घेऊन जा, दात कोरा." मामलेदार त्याच्या पिशवीत असायचा, पण पाण्यात कधी उतरला नाही.

शिकवायचा मात्र. "बुडाली तं कोनालेही दिसते. पन कधी कधी काडी वर उठते. त्याचा अर्थ खाली कोनी वजन उचललं. ते ज्याले ओळखता आलं, तो खरा गळवाला."

मागच्या थंडीतला एक रविवार. ऊन नुकतं पाण्यावर आलं होतं, वारा बिलकूल नव्हता. मी माझ्या काडीकडे पाहत बसलो होतो आणि माझ्या तोंडून निघून गेलं.

"उकंडाभाऊ, मामलेदारात शिसं मी टाकलं होतं."

"हळू बोला," तो म्हणाला. "मासा पळते."

मला वाटलं, ऐकू आलं नाही. मी पुन्हा सांगितलं. दाभण, कापूस, लाख, बाभळीआड बसणं, सगळं. त्यानं पाण्यावरची नजर काढली नाही. कमरेची चंची सोडली, सुपारीच्या कप्प्यात बोट घातलं आणि मोहरीएवढं शिसं माझ्या हातावर ठेवलं.

"चौथ्या दिशी सापडलं. लाखेवर अंगठा होता, जांभळा. अख्ख्या बाजारात जांभळी शाई कोन वापरते?"

रविवारपासून चौथा दिवस. म्हणजे बाजाराच्या आदला. म्हणजे काटा माझ्यापुढे ठेवला तेव्हा याला सगळं माहीत होतं.

"मंग काटा काहून सोडला?" माझा आवाज चढला. "हात खोटा नव्हता नं तुमचा!"

"तुमी शिसं टाकलं, ते तुमचं. पन तीन दिवस मी काडी हातावर फिरवली, अन् हातानं मले सांगितलं नाही. ते माह्यं."

याला काय म्हणावं? मोहरीएवढ्या वजनापायी या शहाण्यानं बाजारभरच्या शेतकऱ्यांना नव्या मापाऱ्याच्या गुडघ्याखाली दिलं होतं, आणि वर मला एका शब्दानं विचारलं नव्हतं. मला खरंच राग आला. अपराधी माणसाला राग यायला फार बरं वाटतं.

"एकदा तरी बोलायचं होतं मले! तोंडावर दोन शिव्या द्यायच्या होत्या. पाच वर्षं मी इथं येऊन बसून राह्यलो!"

 समोर त्याची काडी हळूच वर उठली. एक दाणा, दोन दाणे, मग बोटाच्या पेराएवढी. मला दिसली, म्हणजे त्याला दिसलीच असणार. त्यानं दोरी ओढली नाही. काडी थोडा वेळ तशीच उभी राहिली आणि मग जागेवर गेली.

"बोललो असतो," तो म्हणाला, "तं तुमी माफी मांगून मोकळे झाले असते. पुढच्या रविवारी कोन आलं असतं?"

मग त्यानं सामान आवरलं, नेहमीपेक्षा लवकर. दोरी गुंडाळली, काड्या पिशवीत लावल्या. उठताना गुडघ्यावर हात टेकून म्हणाला, "आता झालं तुमचं. यायलेच पाह्यजे असं काही नाही."

त्या आठवड्यात मी एक काडी केली. मोराचंच पीस मिळवलं, ते कसं ते सांगत नाही. घरच्या बादलीत सोडून सोडून पाहिली. बायकोनं विचारलं, हे काय नवीन? तेव्हा तिला सगळं सांगितलं. तिनं ऐकून घेतलं, आणि निघताना भाकरी दोन जास्त बांधून दिल्या.

रविवारी पोचलो तेव्हा उकंडाभाऊ आधीच बांधावर होता. त्यानं वाळका पाला, बाभळीचे काटे झाडून बाजूला केले होते. झाडलेली जागा दोन माणसांपुरती होती, आणि तो बरोबर तिच्या मधोमध बसला होता. वळून पाहिलं नाही.

"उशीर केला बाबू," म्हणाला आणि हात पुढे केला. "काडी पाहू."

मी दिली. त्यानं ती पाण्यात सोडली, एक डोळा मिटून निरखली.

"गर्विष्ठ हाय," तो म्हणाला, आणि सरकून बसला.