ठोंबरे सिस्टरांचा पालथा हात

माणसं भेटली की नमस्कार करतात, फार तर "काय म्हणताय?" विचारतात. आमच्या ठोंबरे सिस्टर कपाळ मागतात. "कपाळ दे रं," म्हणायचं, उजवा हात पालथा करून समोरच्याच्या कपाळाला टेकवायचा, क्षणभर डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा. "शंभर पॉइंट दोन. कुटं निघालास मराया?" खात्री म्हणून थर्मामीटर लावावा, तर शंभर पॉइंट दोनच! शिळफाट्याचा भाजीवाला, टेंपोवाला, मीटर बघायला आलेला वायरमन, कुणी सुटलेलं नाही. एका लग्नात तर त्यांनी बोहल्यावरच्या नवरदेवाचं कपाळ बघितलं आणि भटजींना म्हणाल्या, "गुरुजी, आटपा. याला चढतोय."

मी खोपोलीतल्या एका तीस खाटांच्या खासगी इस्पितळात हजेरी-क्लार्क आहे. रोग आणि औषधं यातलं मला ओ की ठो कळत नाही. दारातल्या अंगठ्याच्या मशीनपाशी बसायचं आणि कोण आलं, कोण नाही ते बघायचं, एवढंच माझं काम. त्यामुळे स्टाफमध्ये मी किती लाडका असेन ते तुम्हीच ओळखा.

आमच्याकडे सगळे अकरा महिन्यांच्या करारावर. आधी अर्ज न देता घरी राहिलं की माझ्या तक्त्यात लाल फुली. तीन महिन्यांत तीन लाल फुल्या झाल्या की करार पुढे चालू नाही. आता ताप काय आठ दिवस आधी अर्ज टाकून येतो? पण आमच्या मोठ्या डॉक्टरांना हे सांगणार कोण! इस्पितळ त्यांचं, नियम त्यांचा. परिणाम असा, की आमच्याकडे बरी झालेली माणसं घरी जायची आणि आजारी माणसं कामावर यायची.

सिस्टरांकडे बाळांची खोली. दोन-दोन दिवसांची, काचेच्या पेटीतली बाळं. सकाळी पावणेआठला सिस्टर माझ्या टेबलाशेजारी उभ्या राहायच्या आणि अंगठा लावून झाला की एकेकाचं कपाळ तपासायच्या.

गेल्या पावसाळ्यात तापाची साथ आली. प्रणाली नावाची आमची एक तरुण नर्स रोज शेलूहून येते. ती नाक ओढत आली. तिच्या आधीच दोन फुल्या.

"शंभर पॉइंट आठ," सिस्टर म्हणाल्या. "वर चल."

"सिस्टर, मला काही नाही झालेलं. नुसती सर्दी आहे."

"ताप बोलतोय गं तुजा, तू नको बोलू."

आणि तिला घेऊन त्या चक्क गच्चीवर गेल्या. गच्चीच्या पत्र्याखाली चादरी वाळत असायच्या. तिथे एक खुर्ची, एक घोंगडी आणि डब्यात गरम पेज. प्रणाली दिवसभर तिथे झोपली, संध्याकाळी खाली येऊन अंगठा लावला आणि घरी गेली. मशीनच्या लेखी हजर, बाळांच्या लेखी गैरहजर. तिची पाळी सिस्टरांनी स्वतः केली.

मी नियमाचा माणूस. दुसऱ्या दिवशी मी त्यांना गाठलंच. "सिस्टर, ही फसवणूक आहे."

"लेलेभाऊ, कपाळ द्या."

"विषय बदलू नका!"

"अठ्ठ्याण्णव. ताप नाय, नुसतं डोकं गरम हाय." मग हळू आवाजात म्हणाल्या, "आत पोरं हायत वो. त्यांनी कुनाकडं अर्ज करायचा?"

यावर काय बोलणार, कपाळ? त्या दिवसापासून मीही गच्चीच्या जिन्याकडे पाठ करून बसायला लागलो.

प्रकरण उघडकीला आलं तेही सिस्टरांच्या हातामुळेच. इस्पितळाची पाहणी करायला एक साहेब आले होते. टाय, फाइल, सगळा थाट. त्यांनी दारात पाऊल टाकलं मात्र, सिस्टरांचा हात कपाळाला! "एकशे एक. वर." साहेबांना वाटलं, पाहणी गच्चीपासून सुरू करायची पद्धत असेल. दोन तास ते घोंगडी पांघरून बसले होते. मोठे डॉक्टर त्यांना शोधत वर गेले, तेव्हा शेजारी आमचे दोन वॉर्डबॉय घोरत होते आणि साहेब विचारत होते, "अजून थोडी पेज आहे का?"

झालं! गच्चीला कुलूप बसलं. सिस्टरांना मोठ्या डॉक्टरांनी असं काही झापलं, की आम्ही खाली मान घालून उभे होतो. सिस्टर मात्र बोलणं संपेपर्यंत डॉक्टरांच्या कपाळाकडे बघत होत्या.

पुढच्याच आठवड्यातली गोष्ट. पावणेआठला सिस्टर आपल्या जागी उभ्या. पहिल्या आयाचं कपाळ बघितलं आणि दचकल्या. "गार लागतंय गं. चक्कर येती काय?" दुसरा आला, तोही गार. तिसराही गार. "आज झालंय काय समद्यांना? बर्फात झोपलावता काय रं?" त्यांनी सगळ्यांसाठी आल्याचा चहा मागवला, वॉर्डबॉयला स्वतःचा स्वेटर घातला. तो बिचारा घामाने निथळत होता.

मग प्रणाली आली. तिचंही कपाळ गार. "जा आत, पोरं वाट बघतायत."

प्रणाली जागची हलेना. "सिस्टर, मी घरून मोजून आलेय. एकशे एक आहे."

सिस्टरांचा हात कधी चुकला नव्हता. त्यांनी प्रणालीला थर्मामीटर लावला. एकशे एक. त्या आपल्या हाताकडे बघत राहिल्या आणि औषधातलं काही न कळणाऱ्या माझ्या डोक्यात एकदम उजेड पडला.

"सिस्टर," मी म्हटलं, "सगळे गार नाहीत. तुमचा हात तापलाय."

थर्मामीटर त्यांना लावला. एकशे दोन पॉइंट चार! कालपासून अंग मोडून आलं होतं म्हणे, पण स्वतःच्या कपाळाला स्वतःचाच हात लावून काय कळणार? दोन्ही सारखेच तापलेले.

सिस्टरांच्या दोन फुल्या झालेल्या होत्या. आई गेली तेव्हाच्या. मरणाचाही अर्ज आधी देता येत नाही. करार त्याच महिन्यात संपत होता, वय पंचावन्न. तिसरी फुली पडली की पुन्हा कोण घेणार? आणि आत जायचं, तर बाळं.

त्यांनी बाळांच्या खोलीच्या दाराकडे एकदा बघितलं. मग पिशवी उचलली.

"लेलेभाऊ, लाल करा. दोगींचं करा. चल गं प्रणाली."

मला तो दिवस अजून आठवतो. फुली मारायला पेन उचललं आणि ते काही चालेना. शेवटी तक्ता घेऊन मी तसाच मोठ्या डॉक्टरांच्या केबिनमध्ये शिरलो. बावीस वर्षांच्या नोकरीत प्रथमच, न विचारता!

"डॉक्टर, या दोघी गप्प बसून आत गेल्या असत्या, तर तुम्हाला काही कळलं नसतं, मला काही कळलं नसतं आणि फुलीही पडली नसती. खरं बोलल्या म्हणून मी फुली मारायची का? तसं असेल तर तुम्ही मारा. हे घ्या पेन."

डॉक्टरांनी तक्ता पुढे ओढला, पेन माझ्याकडे परत सरकवलं. मग गुरगुरले, "दारात मोजून ताप निघाला, तर लाल फुली नको. निळ्या शाईने लिहा. आणि गच्चीत माणसं झोपवायची नाहीत, घरी पाठवायची!"

संध्याकाळी पेजेचा डबा घेऊन मी सिस्टरांच्या खोलीवर गेलो. एकच खोली, एक कॉट, एक ताट, एक पेला. "मास्क लावा आधी," सिस्टर पडल्या पडल्या ओरडल्या. मी निळ्या शाईची बातमी सांगितली. त्यांनी हूं केलं. नोकरी वाचली याचं त्यांना काहीच कौतुक दिसेना.

"उतरलाय का वो ताप? मला मेलीला कळंना झालंय."

थर्मामीटर उशाशीच होता. मी तो उचलायला गेलो, तर म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे तो."

मग मला कळलं. मी म्हटलं, "सिस्टर, कपाळ द्या," आणि हात ठेवला.

"पालथा वो, पालथा! गावी, कुंभिवलीला, आई भाताच्या लावणीतनं यायची, हात चिखलानं भरलेलं. माज्या तोंडाला चिखल लागू नये म्हनून पालथा लावायची." त्यांनी डोळे मिटले. "मी समद्यांना लावते. ती गेल्यापासनं मला कोन लावनार?"

मी हात पालथा केला. मला काय कळतंय ताप! तरी ऐटीत म्हटलं, "अठ्ठ्याण्णव पॉइंट सहा."

"खोटं," सिस्टर डोळे न उघडता म्हणाल्या. "तुमाला इतक्यात नाय कळायचं. ठेवा अजून जरा."