थोरल्या व धाकट्या पातीची हकीकत

सकल जाणत्यांस विदित व्हावे की, अंबरनाथच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी फाटकांचा एक कारखाना आहे, तेथे नकाशे काढण्याचे सॉफ्टवेअर कोणते घ्यावे यावरून थोर मसलत पडली, तीत एका नकाशानवीस बाईंची जागा जाता जाता राहिली, ती हकीकत येणेप्रमाणे.

कारखान्याचे धनी शंकरराव. त्यांचे पदरी नकाशानवीस दोन: किर्तीबाई, भौतिकशास्त्राच्या पदवीधर, अर्धा मिलिमीटरही कोणास माफ न करणाऱ्या, आणि हेंद्रेपाड्याच्या अक्षदाबाई, आयटीआयमध्ये शिकलेल्या, हात बहुत साफ. सॉफ्टवेअरची सनद, म्हणजे लायसन्स, दोघींत एकच, सबब आळीपाळीने काढीत. त्या सनदेची मुदत सरत आली आणि नवी घेणे प्राप्त जाहले. बाजारी त्याच्या पाती, म्हणजे आवृत्त्या, दोन. थोरलीत फाटक पडद्यावर उभे राही आणि चहूं अंगांनी फिरे. धाकटीत ते कागदावरच्यासारखे सपाटच दिसे, परंतु थोरलीच्या एका सनदेच्या मोलात धाकटीच्या दोन येत आणि वर शिल्लक राही.

किर्तीबाईंनी अर्ज गुदरला की कारागीर गज कापतात ते सपाट नकाशावरूनच, सबब धाकटीच्या दोन सनदा घ्याव्या, म्हणजे दोघीही काढतील. परंतु उल्हासनगरास विक्रांतशेठ म्हणोन प्रतिस्पर्धी, त्यांनी थोरली घेतली आणि ते गिऱ्हाइकांस फाटके गरगरा फिरवून दाखवितात, ही खबर येऊन शंकररावांची मर्जी खप्पा जाहली होती. हुकूम सुटला की थोरलीच घ्यावी, आणि एका सनदेवर दोघी कशास, सबब अक्षदाबाईंस पहिल्या तारखेपासून कारखान्याच्याच उल्हासनगरच्या गाळ्यात बिले फाडण्यास रवाना करावे.

"बिलं फाडायला शिकले का गं मी ड्राफ्ट्समन?" अक्षदाबाई म्हणाल्या, आणि डबा न उघडताच बाजूला सारला.

किर्तीबाईंस तो डबा पाहवेना. वादाने धनी वळत नाहीत, तर प्रयोग करावा, ऐसे त्यांनी मनी आणिले. मग थोरली पाती चाचणीपुरती फुकट मिळते ती उतरवून घेतली आणि विनंती केली की पहिले गिऱ्हाईक खाशा धन्यांनीच स्वहस्ते जिंकावे. खासे बहुत संतोषले.

गिऱ्हाईक आले ते खरवईच्या रखमाबाई. नव्या बंगल्यास चाकांवर सरकणारे फाटक पाहिजे, वर भाल्यांची टोके आणि मधोमध सासूबाईंचे नाव, 'गयाबाई निवास'. मग खाशांनी माउस हाती धरून फाटक हळूच डावीकडे फिरविले आणि रखमाबाईंनी मान डोलाविली, आणि मग खाशांस चेव चढला आणि त्यांनी ऐसा झटका दिला की फाटक गिरकी खाऊन पालथे जाहले. भाले मातीत, चाके आभाळी, आणि गयाबाई डोके खाली. परतविण्याची शर्थ केली, तो आडवे जाहले, मग दिसेनासे जाहले, मग पुन्हा उलटेच प्रकटले.

"शंकरराव, माझ्या सासूला उलटं टांगलं काय तुमी?" रखमाबाईंनी विचारले.

"होतंय सरळ, ताई. दोन मिनिटं."

"राहू द्या वो. आधी फोटो काढते."

फोटो घेऊन बाई तृप्त जाहल्या आणि मग त्यांनी कागद मागितला. त्यांच्या घरची रीत ऐसी की नकाशा देव्हाऱ्यात ठेवावा, त्यास हळदकुंकू लावावे, सासूबाईंनी बोट फिरवून होकार द्यावा, मगच काम सांगावे. आणि फिरते फाटक देव्हाऱ्यात मावत नाही. अक्षदाबाईंनी जुन्या सनदेवर काढिलेला सपाट नकाशा छापून दिला. दुसरे दिवशी तो कुंकवाने माखून परत आला: काम पक्के, फक्त नाव मोठे करावे.

प्रयोग सिद्ध जाहला, ऐसे किर्तीबाईंस वाटले. परंतु धनी म्हणाले, "ते सगळं बरोबर आहे गं. पण विक्रांतने मोठं घेतलंय. चार लोकांत मी काय सांगू, छोटं घेतलं?"

येथे शास्त्र थकले. किर्तीबाई अदबीने बोलल्या, "सर, विक्रांतशेठकडे एकच आहे. आपल्याकडे दोन होतील."

शंकरराव पंख्याकडे पाहात राहिले. "दोन," ऐसे हळूच म्हणून पाहिले. चव रुचली. तत्काळ हुकूम जाहला की धाकटीच्या दोन सनदा घ्याव्या, अक्षदाबाईंचे उल्हासनगरास जाणे रद्द समजावे, आणि ही मसलत धन्यांच्याच मनी पहिल्यापासून होती ऐसे जाहीर व्हावे. त्याप्रमाणे जाहीर जाहले आणि कोणी हसले नाही.

मग विक्रांतशेठांस फोन गेला की आम्ही दोन घेतली. कोणत्या पातीची, हे इकडून सांगितले नाही आणि पलीकडून विचारण्याची छाती जाहली नाही. त्याच समयी अक्षदाबाई आपल्या हक्काच्या कम्प्युटरपुढे बसून गयाबाईंचे नाव बोटभर वाढवीत होत्या. अंबरनाथ मुक्कामी धाकट्या पातीची फत्ते जाहली, ती येणेप्रमाणे दप्तरी दाखल असे.