सावित्रीबाईंचा सेफ्टी रिव्ह्यू

कागद कुठलाही असो, त्यातला धोका मला लांबून दिसतो! चौतीस वर्षं मी रिफायनरीत सेफ्टी इंजिनिअर होतो. या मोरेश्वर काकांच्या सहीशिवाय तिथे व्हॉल्व्ह फिरत नसे. मग रिटायर झालो, टेक्सासमध्ये शुगर लँडला मुलीच्या शेजारी घर घेतलं आणि सही करायला काही उरलंच नाही. घरात धोकादायक म्हणावा असा एक मायक्रोवेव्ह आहे, त्यालाही माझी बायको रेखा हात लावू देत नाही.

अशात आमची नात रुही, इयत्ता चौथी, हिच्या शाळेत 'जिवंत म्युझियम' ठरलं. मुलांनी थोर व्यक्तीचा वेश करून पुतळ्यासारखं उभं राहायचं. समोर कागदाचं लाल बटण. पाहुण्यानं ते दाबलं की पुतळ्यानं एक मिनिट बोलायचं. रुहीनं सावित्रीबाई फुले निवडल्या. रेखानं जुन्या साडीतून छोटीशी नऊवारी शिवून दिली. भाषण मात्र पोरीनं स्वतः लिहिलं होतं. पुण्यात मुलींची शाळा काढली, कुठल्याही जातीच्या मुलीला आत घेतलं, म्हणून लोकांनी शेण आणि चिखल फेकला, म्हणून पिशवीत कायम दुसरी साडी.

वाचलं आणि माझ्या डोक्यात भोंगाच वाजला! शाळेत वंश आणि स्त्री-पुरुष हे विषय कसे शिकवायचे, याचा आमच्या राज्यात कायदा झालाय. शिकताना कुठल्याही मुलाला अनकम्फर्टेबल वाटता कामा नये, असं त्यात लिहिलंय. मी तो छापला आणि पिवळा हायलायटर घेऊन बसलो.

"रुही, हे चालणार नाही! 'मुली' म्हटलं की जेंडर आलं. 'जात' म्हटलं की रेस आली."

"बट आजोबा, मिस डेलगाडो लव्ड इट!"

"उद्या कोणी कम्प्लेंट केली, तर तुझ्या मिस डेलगाडोंचीच नोकरी जाईल!"

मिस डेलगाडो म्हणजे रुहीची टीचर, तिचा जीव की प्राण. पोरीचा चेहरा एवढासा झाला. "ओके," ती हळूच म्हणाली. "फिक्स इट."

मी फिक्स केलं! 'मी एक व्यक्ती होते. मी काही व्यक्तींसाठी शाळा काढली. काही व्यक्तींनी काही वस्तू फेकल्या. थँक यू.'

"अहो, यात सावित्रीबाई कुठे आहेत?" रेखानं विचारलं.

"सुरक्षित आहेत!" मी म्हणालो.

कार्यक्रमाच्या दिवशी व्हॉलंटिअरचा बिल्ला लावून मी रुहीच्या मागेच उभा राहिलो. टोपीवाल्या एका गृहस्थांनी बटण दाबलं. रुहीनं घडाघडा म्हणून दाखवलं.

"व्हाय डिड दे थ्रो स्टफ?" त्यांनी विचारलं.

रुहीनं माझ्याकडे पाहिलं. मी जोरजोरात 'नाही' अशी मान हलवली.

"आय कान्ट टेल यू. इट्स द लॉ."

झालं! शेजारचा अंतराळवीर एकटा पडला, सगळी गर्दी आमच्याकडे! एक बाई म्हणाल्या, शाळेचं बांधकाम कच्चं असेल. टोपीवाले म्हणाले, "नाही हो, या बाईंनी प्रॉपर्टी टॅक्स वाढवला असणार!" हे मात्र सगळ्यांना लगेच पटलं. कुणीतरी विचारलं, "पिशवीत काय आहे?" मी खाकरलो. "नो कॉमेंट," रुही म्हणाली. गर्दी दोन पावलं मागे सरली आणि एक जण प्रिन्सिपॉलना बोलवायला धावला!

"टॅक्स वाढवला असेल, तर मीसुद्धा फेकलं असतं," टोपीवाले हसत म्हणाले.

तेवढ्यानं पुतळ्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"नो! शी वॉज गुड!" रुही ओरडली आणि मूळचं भाषण सुरू झालं. शाळा, मुली, जात, शेण, चिखल, सगळं! शेवटी तिनं पिशवीतून साडी काढून उंच धरली. टोपीवाल्यांनी टोपी काढली. "सॉरी, मॅम," ते चार फुटी सावित्रीबाईंना म्हणाले. मग टाळ्यांचा कडकडाट! खरं सांगतो, सगळ्यात जोरात मीच वाजवल्या.

पण समोर प्रिन्सिपॉल उभे! मी घाईघाईनं हायलायटर मारलेला कायदा पुढे केला. "सर, मिस डेलगाडोंची काही चूक नाही!"

"कोण म्हणतंय चूक आहे? हे भाषण दोन आठवड्यांपूर्वीच मंजूर झालंय," ते म्हणाले. "मात्र एका मुलीला इथे फार अनकम्फर्टेबल वाटलं, अशी तक्रार आत्ताच आली आहे."

"बघा! मी म्हणतच होतो! कोणाची तक्रार?"

"रुहीची. तुमच्याबद्दल."

तेव्हापासून शाळेत काहीही असलं, की माझी ड्युटी बाहेर पार्किंगमध्ये. ऊन असं, की दहा मिनिटांत घामानं न्हाऊन निघतो. काय करणार! रेखा आता माझ्यासोबत एक पिशवी देते. तिच्यात दुसरा शर्ट असतो.