अक्कांचं तातडीचं पाकीट

आमच्या कॉलेजात नवा विद्यार्थी पहिल्या आठवड्यात सरळ वर्गात पोचला, असं निदान माझ्या पाहण्यात नाही. वाटेत अक्का लागतात.

अक्का म्हणजे केमिस्ट्रीच्या लॅब अटेंडंट. धुळ्यातलं आमचं कॉलेज जुनं, जिने तीन, आणि तिन्ही माणसाला भलत्याच मजल्यावर नेऊन सोडतात. त्यातल्या मधल्या जिन्यासमोर लॅबचं दार, दाराशी एक उंच लाकडी स्टूल आणि स्टुलावर अक्का. निळा ॲप्रन, कपाळावर चष्मा. तो डोळ्यांवर आलेला मी अजून पाहिलेला नाही. नवा चेहरा दिसला की अक्कांची हाक सुटते, "ए बेटा! रिकामा शे ना तू?"

कॉलेजात पहिल्या दिवशी आलेलं पोर 'नाही' म्हणायला शिकलेलं नसतं. ते मान हलवतं. लगेच ॲप्रनच्या खिशातून एक चिकटवलेलं पाकीट निघतं. "हाई पाकीट लायब्ररीमां दी ये. अन् जवाब लिसन ये."

पाकिटावर लाल शाईत लिहिलेलं असतं, 'तातडीचे'. रसायनशास्त्राचं लायब्ररीशी एवढं काय तातडीचं असतं, असा प्रश्न त्या पोराला पडत नाही. ते पळतं. लायब्ररीतून त्याला जिमखान्यात पाठवतात, जिमखान्यातून बॉटनीच्या रोपवाटिकेत, रोपवाटिकेतून ऑफिसात. तासाभराने पोर घामाघूम होऊन परत येतं तोवर अक्कांनी दुसरं पाकीट तयार ठेवलेलं असतं.

ही पाकिटं विकतची नसत. कॉलेजात आलेली जुनी पाकिटं अक्का हलक्या हाताने उकलायच्या, उलटी करायच्या आणि लॅबमधल्या डिंकाने परत चिकटवायच्या. एकदा शिरपूरकडच्या एका चलाख पोराने पाकीट उन्हात धरून आतलं वाचायचा प्रयत्न केला. दुसऱ्या दिवसापासून अक्का पाकिटाला आतून फिल्टर पेपरचं अस्तर लावू लागल्या. रसायनशास्त्राचा इतका चोख उपयोग आमच्या विभागप्रमुखांनीही केला नसेल.

"अक्का, पोरांना कशाला पिदवता?" असं कुणी विचारलं की त्यांचं एकच उत्तर, "पाय चालनात का तोंड चालस." पाय चालले की तोंड चालतं म्हणे. आणि त्याच्यावर आणखी विचारलं, तर "तुम्हले समजाव नही, सर."

मला खरंच समजत नव्हतं. मी मूळ रावेरचा. आमची बोली वेगळी. अहिराणी मला कळते, पण तोंडात बसत नाही. मी फिजिक्स शिकवतो. शिवाय सहा वर्षांपूर्वी रुजू झाल्या दिवसापासून कॉलेजच्या 'नवागत विद्यार्थी मार्गदर्शन समिती'चा मी प्रमुख आहे. समितीत दुसरं कुणी नाही, त्यामुळे निर्णय एकमताने होतात. नव्या विद्यार्थ्यांसाठी मी 'महाविद्यालयीन जीवनात यशस्वी पदार्पण' या विषयावर चौसष्ट स्लाइड केल्या आहेत. वेळेचं नियोजन, मैत्री कशी करावी, घरची आठवण आल्यास काय करावे, सगळं आहे त्यात. एकतिसाव्या स्लाइडवर तर हसऱ्या सूर्याचं चित्रही आहे. दर वर्षी मी त्या दाखवतो, दर वर्षी पुढच्या रांगेतली पोरं लिहून घेतात आणि मागची झोपतात.

अक्का एकदा मागे उभं राहून सगळ्या चौसष्ट पाहून गेल्या. कसं वाटलं म्हणून मी मोठ्या आशेने विचारलं. म्हणाल्या, "पंखा चांगला शे हॉलमां."

अक्कांचं स्वतःचं एक शास्त्र होतं. कुठलं पोर एकटं आहे हे त्यांना लांबूनच कळायचं. "जो पोऱ्या एकच नोटीस तीनदाव वाचस ना सर, तो नोटीस वाची नही ऱ्हायना." किंवा, "ती पोर देखा. घडीघडी पानी पिवाले जास. तहान नही शे तिले." बोलायला कुणी नसलं की माणूस काहीतरी काम काढतो, हे त्यांचं म्हणणं. मी ते हसण्यावारी न्यायचो.

यंदा मात्र माझं डोकं फिरलं. पहिल्याच आठवड्यात माझ्या तासाला अकरा पोरं उशिरा आली आणि अकराही जणांच्या हातात तातडीचं पाकीट. मी तडक प्राचार्यांकडे गेलो. प्राचार्य नवे, शिस्तीचे. त्याच दुपारी परिपत्रक निघालं: विद्यार्थ्यांना कोणीही कार्यालयीन कामास जुंपू नये. शिपाई ते घेऊन लॅबमध्ये गेला. अक्कांनी चष्मा कपाळावर ठेवूनच ते वाचलं, सही केली आणि खिशातली सगळी पाकिटं टेबलाच्या खणात टाकली. माझ्याशी भांडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. त्या दिवसापासून स्टाफरूममध्ये चहा देताना त्यांनी मला 'सर' म्हणणं तेवढं बंद केलं.

पाकिटं बंद झाली. माझ्या तासाला पोरं वेळेवर येऊ लागली. मी जिंकलो होतो.

मग कॉलेज सुरू झाल्याच्या नवव्या दिवशी, सकाळी साडेदहाला, रंजना माझ्यासमोर येऊन उभी राहिली. पिंपळनेरच्या पलीकडच्या एका पाड्यावरची मुलगी, एफवाय बीएस्सीला. वर्गात शेवटून दुसऱ्या बाकावर बसायची. तिचा आवाज मी ऐकलेला नव्हता. तिने एक कागद पुढे केला. दाखला परत मिळावा म्हणून अर्ज होता. वर्गशिक्षक म्हणून माझी सही लागत होती.

"का गं? काही अडचण?"

तिने कागद आणखी पुढे सरकवला.

"हॉस्टेलमध्ये कुणी काही बोललं? अभ्यास अवघड वाटतो?"

मान हलली, पण हो की नाही ते कळलं नाही. मी तिला घरच्या आठवणीची एकतिसावी स्लाइड तोंडी ऐकवली. हसऱ्या सूर्यासकट. ती खाली बघत ऐकत राहिली आणि मी थांबल्यावर हळूच म्हणाली, "सर, सही." बारावीला तिला पंच्याऐंशी टक्के होते. तिच्या पाड्यावरून सायन्सला आलेली ती पहिलीच. आणि माझ्याजवळ तिला द्यायला चौसष्ट स्लाइडखेरीज काहीही नव्हतं. मी तिला बाहेर बाकावर बसायला सांगितलं आणि अर्ज हातात घेऊन नुसता बसून राहिलो.

स्टाफरूमच्या दारात अक्का येऊन उभ्या राहिल्या. त्यांना कुणी सांगितलं देव जाणे.

"सर," त्या म्हणाल्या. किती दिवसांनी! "एक पाकीट. एकच. मंग करा सही."

"अक्का, परिपत्रक..."

"मी बी याच कॉलेजमां एफवायले व्हती, सर." त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. "नऊ दिन."

मी अर्ज घडी करून खिशात ठेवला आणि मान डोलावली. बाहेर हाक ऐकू आली, "ए बेटा! रिकामी शे ना तू?"

रंजना अकराला पाकीट घेऊन गेली. बारा वाजले, एक वाजला, दीड वाजला, पोरीचा पत्ता नाही. माझा जीव टांगणीला लागला. तशीच एस.टी. स्टँडवर निघून गेली असली तर? बॅग हॉस्टेलवर भरून ठेवलेली असणारच. शेवटी मी स्वतः उठलो आणि पाकिटाच्या वाटेने निघालो. सहा वर्षांत मी त्या वाटेने कधी गेलो नव्हतो.

लायब्ररीत आमचे ग्रंथपाल, देवरे नाना, निवांत डबा खात बसले होते. "आली होती की," ते म्हणाले. "अर्धा तास बसली. गोड पोर आहे. तिला दोन लहान भाऊ आहेत, माहितीये तुम्हाला?"

मला माहीत नव्हतं. मी विचारलं, "पाकिटात होतं काय?"

नानांनी खणातून एक जुनी चिठ्ठी काढून माझ्यापुढे ठेवली. अक्कांचं अक्षर, एकेक अक्षर सुटं काढलेलं: 'हिला बसवा. पाणी द्या. नाव-गाव विचारा. घाई करू नका. मग पुढे पाठवा.'

मी ती दोनदा वाचली. "सगळ्या पाकिटांत हेच?"

"पंधरा-सोळा वर्षं हेच. कधी 'हिला', कधी 'ह्याला'. आता सगळ्यांना पाठ आहे. आम्ही पाकीट उघडतही नाही."

"मग आमच्या फिजिक्सला कधीच कसं आलं नाही?"

नाना जरा घुटमळले. भाकरीचा तुकडा ठेच्यात फिरवत म्हणाले, "अक्का म्हणतात, सर भला माणूस शे, पन पोरले बसाडी अन् शिकाडाले लागी जाई."

मी पुढे निघालो. जिमखान्यात कळलं की ती येऊन गेली, तिथल्या सरांना तिने शाळेतल्या खो-खोच्या टीमबद्दल सांगितलं. रोपवाटिकेत माळ्याने तिच्यासोबत चहा घेतला होता. आणि ऑफिसच्या पायऱ्यांवर पाय ठेवला तोच आतून एक खणखणीत आवाज आला.

"नाही भाऊसाहेब! साक्री तालुका! नवापूर नाही. मी तिथे राहते का तुम्ही?"

मी दारातच थांबलो. खिडकीपाशी रंजना उभी होती, हात कमरेवर. आमचे हेडक्लार्क भाऊसाहेब नकाशावाचून भूगोल सांगण्यात पटाईत. तिचं गाव नवापूर तालुक्यातच आहे असा त्यांचा ठाम दावा होता. पोरगी एक इंच मागे हटत नव्हती. आजूबाजूचे कारकून कामं सोडून ऐकत होते आणि दोघे उघड तिच्या बाजूने बोलत होते. नऊ दिवसांत मी तिच्या तोंडून 'सर, सही' एवढंच ऐकलं होतं, आणि आता ऐकला तो हा आवाज! मला इतका आनंद झाला की मीही एकदम ओरडलो, "साक्रीच! साक्रीच!" खरं तर मला स्वतःला काही माहीत नव्हतं.

चार वाजता मी लॅबमध्ये गेलो. अक्कांच्या उंच स्टुलावर, जिथे विभागप्रमुखांनाही बसायची छाती होत नाही, तिथे रंजना पाय हलवत बसली होती आणि दिवसभराचं सगळं सांगत होती. अक्का प्लॅटफॉर्मला टेकून ऐकत होत्या. मी खिशातला अर्ज चाचपला. तिने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "सर, उद्या मला ऑफिसात जायचंय. भाऊसाहेबांना नकाशा दाखवायचाय. लायब्ररीतले नाना देणार आहेत."

"जा की," मी म्हणालो, आणि अर्ज खिशातच राहू दिला.

मग ती अक्कांकडे वळली. दिवसभर सगळ्यांनी तिला जे विचारलं होतं, ते तिने अगदी सहज विचारलं. "अक्का, तुमचं नाव काय?"

"अक्का."

"ते नाही. नाव."

शब्दाला कधी न अडणाऱ्या अक्का अडल्या. फडकं उचलून त्यांनी स्वच्छ असलेला प्लॅटफॉर्म पुन्हा पुसला. मी सहा वर्षं या बाईंच्या हातचा चहा घेत होतो आणि हे मी कधी विचारलं नव्हतं. मला माझी लाज वाटली, फार वाटली. रंजना मात्र घाई न करता थांबली होती.

"निर्मला," अक्का म्हणाल्या. मग चष्मा काढून ॲप्रनला पुसत, पुन्हा, पूर्ण, "निर्मला सुकदेव अहिरे. तालुका शिंदखेडा." आणि हे सांगताना त्या प्लॅटफॉर्मपासून बाजूला होऊन, वर्गात हजेरीला उभं राहतात तशा सरळ उभ्या राहिल्या होत्या.