सदतीस नंबर आधीच वर्गात आहे

भूगोलाच्या सरांना विज्ञानाच्या मॅडमबद्दल अजिबात असूया नव्हती. हे ते स्वतःच दिवसातून चार-पाच वेळा, कुणी विचारलेलं नसताना, शिक्षकांच्या खोलीत सांगत.

"मला काय करायचंय? शिकवू देत त्या टॅबलेटच्या काचेवर," डबा उघडता उघडता ते म्हणत. "मुलं हसतात काय, टाळ्या वाजवतात काय! शाळा आहे की सर्कस?"

"तुमच्याही वर्गात हसला होता की एक जण, मागच्या महिन्यात," चित्रकलेचे सर धीर देत.

"त्याला मी बाहेर काढला."

खरं दुखणं वेगळं होतं. वर्षातून एकदा तपासणीचे साहेब येत आणि त्यांच्यापुढे एका शिक्षकाचा नमुना पाठ होई. गेली अकरा वर्षं तो मान सरांचा होता. फळ्याकडे पाठ करून, वर्गाकडे बघत, उलट्या हाताने ते चार मिनिटांत जगाचा नकाशा काढत. ऑस्ट्रेलिया आला की डोळेही मिटत. मग खडू खाली ठेवून आपलं ठरलेलं वाक्य टाकत, "हे परीक्षेत येणार, अधोरेखित करा." छत्तीस पट्ट्या एकदम दप्तरातून बाहेर येत. साहेब खूश.

यंदा मात्र नववीला टॅबलेट मिळाले, आणि मुख्याध्यापिकांनी, म्हणजे मोठ्या बाईंनी, सरांना बोलावून घेतलं.

"या वर्षी पाठ मॅडमचा ठेवावा म्हणते. हरकत नाही ना?"

"हरकत कसली!" सर म्हणाले आणि त्यांच्या मुठीत खडूचे दोन तुकडे झाले. "फक्त त्या खेळण्यातून मुलांना काही कळतं का, एवढं कुणीतरी बघायला हवं."

"मग तुम्हीच बघा. काही कळत नाही असं दाखवून द्या, पाठ तुमचा."

सरांनाही एक टॅबलेट मिळाला होता. नकाशांच्या खोलीत तो आफ्रिकेवर ठेवलेला असे, म्हणजे ती गुंडाळली जात नसे. ही खोली नववीच्या वर्गाला लागूनच होती, मध्ये फक्त एक प्लायवुडची भिंत. मॅडमचा तास सुरू झाला तसे सर दार लावून बसले. टॅबलेटने हजेरी क्रमांक विचारला. स्वतःचं नाव टाकलं तर ते तिकडे वर्गातल्या भिंतीवर, सगळ्यांची उत्तरं दिसतात तिथे, झळकणार. सर नववीचे वर्गशिक्षक. सदतीस नंबरची मुलगी कांजिण्यांमुळे तीन आठवडे येणार नव्हती, हे त्यांना ठाऊक होतं. वर्ग तिला 'जांभई' म्हणे. घरी टॅबलेट उघडून अभ्यास करण्याचा धोका तिच्याकडून नव्हता. सरांनी सदतीस टाकलं.

पहिला प्रश्न आला. उकळत्या पाण्यातून वर येणाऱ्या बुडबुड्यांत काय असतं?

"हवा! हा काय प्रश्न झाला?" म्हणत सरांनी बोट ठेवलं.

पडद्यावर एक घुबड आलं. त्याने सरांकडे पाहिलं आणि पंखांनी तोंड झाकून घेतलं. बरोबर उत्तर होतं वाफ. पुढच्या तीन प्रश्नांना घुबडाने तेच केलं. शेवटी यादी आली, सदतीस मुलांत सदतिसावा.

तेवीस वर्षांच्या नोकरीत सरांचा नंबर कधी सदतिसावा आला नव्हता, कारण तेवीस वर्षांत त्यांचा नंबर कुणी लावलाच नव्हता.

त्या संध्याकाळी ते नववीचं विज्ञानाचं पुस्तक घेऊन घरी गेले.

"हे काय नवीन?" बायकोने विचारलं.

"मॅडमना दाखवून देतो. मॅडमना वाटतं मला येत नाही. मॅडम स्वतःला समजतात कोण?"

"जेवायला बसल्यापासून अकरा वेळा 'मॅडम' झालं," बायको पोळी वाढत म्हणाली. "मी मोजत बसलेय असं नाही हं."

"अगं, ते घुबड तोंड झाकतं..."

"काहीही असो, बाईमाणसाला घुबड म्हणू नये."

मॅडमच्या चुका टिपायला घेतलेली वही चार दिवसांत अणू-रेणूंनी भरली. काही उत्तरं लिहायचीही असत, तीही ते लिहीत. सर बत्तिसावे आले, मग अठरावे, मग सहावे. आठव्या दिवशी पडद्यावर मॅडमचा निरोप आला, "कांजिण्या असून एवढी प्रगती! शाब्बास, बाळा. पाणी पीत जा."

सरांनी तो चारदा वाचला. मग उठून दोन ग्लास पाणी प्यायले.

नवव्या दिवशी सदतीस नंबर वर्गात पहिला आला. घुबडाने गिरकी घेतली. दार लावलेलं असल्यामुळे सरांनीही घेतली.

मधल्या सुट्टीत शिक्षकांच्या खोलीत मॅडम म्हणाल्या, "जांभई म्हणजे हिरा आहे हो, हिरा!"

सरांनी हातातला घास परत डब्यात ठेवला. "ती? तिला काय येतंय! यामागे दुसऱ्याच कुणाची तरी मेहनत असणार."

"बरोबर ओळखलंत, सर. माझी!" मॅडम गोड हसल्या.

सरांना तो डबा गोड लागला नाही. राबायचं आपण, हिरा ती पोरगी आणि कौतुक मॅडमचं. त्यावर कळस केला मोठ्या बाईंनी.

"शेवटच्या नंबरची मुलगी अंथरुणातून पहिली आली, सर! आणखी काय पुरावा हवा? नमुना पाठ मॅडमचाच."

आपल्याविरुद्धचा पुरावा आपणच नऊ दिवस रोज तासभर बसून तयार केला, हे सरांच्या ध्यानात आलं. बोलायची मात्र सोय नव्हती.

तपासणीच्या दिवशी सकाळी त्यांना पाठाचा विषय कळला. वारे.

"वारे भूगोलात येतात!" त्यांनी मॅडमना जिन्यातच गाठलं.

"हवा तापते तोवर माझी, सर. वाहायला लागली की तुमची."

सर तरातरा नकाशांच्या खोलीत गेले. आज आपण उत्तर द्यायचं नाही, नुसतं बघायचं, असं ठरवून त्यांनी सदतीस टाकलं.

पलीकडे मागच्या बाकावर साहेब बसले होते, शेजारी मोठ्या बाई. आणि खुद्द जांभई, अंगावरचे डाग मिरवत, त्याच दिवशी शाळेत आली होती.

"मॅडम, हा टॅबलेट मला आत घेत नाहीये."

"काय म्हणतोय?"

"म्हणतोय, 'सदतीस नंबर आधीच वर्गात आहे.'"

मॅडमनी प्लायवुडच्या भिंतीकडे एकदा शांतपणे पाहिलं. "असू दे. शेजारणीच्यात बघ."

मग त्यांनी प्रश्न पाठवला. दुपारी समुद्राकडून जमिनीकडे वारा का येतो? आपल्या शब्दांत लिहा.

सर नुसतं बघणार होते. पण 'आपल्या शब्दांत' म्हटल्यावर त्यांचा नाइलाज झाला. मिनिटभरात वर्गातल्या भिंतीवर आणि सगळ्यांच्या टॅबलेटवर सदतीस नंबरचं उत्तर उमटलं, "दिवसा जमीन लवकर तापते, पाणी उशिरा. जमिनीवरील हवा तापून वर जाते. सबब तिची जागा घेण्यास समुद्रावरील थंड हवा धावते. हे परीक्षेत येणार, अधोरेखित करा."

वर्गाने विचार केला नाही. छत्तीस पट्ट्या दप्तरातून बाहेर आल्या, छत्तीस टॅबलेटांवर टेकल्या आणि छत्तीस बोटं सरकली. भिंतीवरचं उत्तर लाल रेघांखाली दिसेनासं झालं.

"हे काय?" साहेब उठून उभे राहिले. "सदतीस नंबर कोण?"

"मी," जांभई म्हणाली. "पण हे मी नाही लिहिलं. मला कुठे एवढं येतंय?"

मॅडमनी आपल्या टॅबलेटवर दोन शब्द लिहिले, 'आत या.' भिंतीपलीकडे टिंग वाजलं. थोड्या वेळाने दार उघडलं आणि सर आत आले. रिकाम्या हाताने येणं बरं दिसलं नसतं, म्हणून काखेत पृथ्वीचा गोल होता.

"साहेब, हा माझा सगळ्यात मेहनती विद्यार्थी," मॅडम म्हणाल्या. "शेवटून पहिला."

मोठ्या बाईंनी डोळे मिटले. साहेबांनी मात्र सरांचा हात हातात घेतला. या वयात शिकायची ही हौस, असं म्हणून त्यांनी तिथल्या तिथे प्रशस्तिपत्रक द्यायला सांगितलं.

ते लिहून होईपर्यंत सरांनी हळूच विचारलं, "तुम्हाला कधी कळलं?"

"दुसऱ्या दिवशी. नववीतली कुठली मुलगी उत्तरात 'सबब' लिहिते, सर?"

"मग बोलला का नाहीत?"

"आठ वर्षं नमुना पाठाला मागच्या बाकावर बसून तुमचा तो ऑस्ट्रेलिया बघतेय, डोळे मिटून काढलेला. माझा डोळे उघडे ठेवून बटाटा होतो. आतल्या आत जळून खाक झालेय. आणि तुम्ही आपणहून माझ्या वर्गात येऊन बसलात! तुम्हाला उठवू?"

तेवीस वर्षांत आपल्यावर कुणी जळत असेल, हे सरांच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्यांना एकदम फार बरं वाटलं.

तेवढ्यात प्रशस्तिपत्रक आलं. शिरस्त्याप्रमाणे त्यावर हजेरी क्रमांक घातला होता, सदतीस. जांभई पुढे आली, साहेबांच्या पाया पडली आणि ते घेऊन जागेवर गेली.

शाळा सुटल्यावर ती नकाशांच्या खोलीच्या दारात उभी राहिली.

"सर, सोमवारपासून गणितसुद्धा टॅबलेटवर आहे. तुमचा तो तास मोकळा असतो ना?"

सरांनी तिला अशी झापली, अशी झापली की प्लायवुड थरथरलं. ती मान खाली घालून निघाली. जिन्यापर्यंत पोचली असेल नसेल, मागून हाक आली.

"अगं ए, थांब जरा. गणितात सध्या पहिलं कोण आहे?"