इंजिन सुरू ठेवून पाळलेलं मौन

अनुभव मोजता येतो, म्हणून तो वैमानिकाकडे मागतात. अक्कल मागत नाहीत, कारण तिचं मीटर अजून निघालेलं नाही. विमान कंपन्या एवढंच विचारतात, किती तास उडालात? अकोल्याजवळच्या एका प्रशिक्षण संस्थेने हे तत्त्व मनापासून स्वीकारलं होतं. इंजिन सुरू असलं की तास धरायचा, विमान हवेत असो वा नसो.

वर्षं शेतीच्या संकटाची होती. संकटाची पाहणी करायला समित्या विमानाने येत. त्या उतरेपर्यंत शिकाऊ विमानं कडेला इंजिन सुरू ठेवून उभी राहत. (एका समितीचा अहवाल कधी आला नाही, पण तिने चार वैमानिक घडवले.) धावपट्टीवर चरणाऱ्या नीलगायी, म्हणजे रोही, हाकलण्यात जाणारा वेळ ‘प्रतिकूल परिस्थितीतील उड्डाण’ म्हणून धरला जाई.

या प्रगतीत अडथळा एकच, मुख्य प्रशिक्षक कुर्बानसर. विमान थांबलं की ते विचारत, “या घंट्यात नवं काय शिकला, सांग मले.” उत्तर पटलं नाही तर सही नाही. साहजिकच सगळ्यांत कमी तास त्यांच्याच मुलीचे, नगमाचे. तिच्या वर्गातला श्याम तिच्यापेक्षा दुप्पट अनुभवी होता. उतरताना तो डोळे मिटून घ्यायचा, पण नोकरीच्या अर्जात त्यासाठी रकाना नव्हता.

त्या बुधवारी नगमा वरूडपर्यंत सरळ गेली, सरळ परत आली. तेवढा तास धरला की तिचा अर्ज पुरा होणार होता. सरांनी नेहमीचं विचारलं. संत्र्याच्या बागा वरून छान दिसतात, असं ती म्हणाली. सही झाली नाही. घरी जाताना स्कूटरवर ती बोलली नाही. रात्री अब्बांना भाजी वाढली, तीही न बोलता. पहाटे ते उठलेच नाहीत.

शोकसभा हँगरमध्ये झाली. संचालक देवमनजींनी सरांच्या शिस्तीचा गौरव केला आणि त्याच गौरवापोटी सरांनी अडवलेले सगळ्यांचे तास मंजूर करून टाकले. मौनही वाया जाऊ नये म्हणून ते विद्यार्थ्यांना दारातल्या विमानांत बसवून, इंजिन सुरू ठेवून पाळण्यात आलं. पालक गहिवरले. नगमाचा तास तिच्या हातात देण्यात आला. आता नोकरी पक्की होती.

तिने संचालकांच्या कानाशी जाऊन शांतपणे विचारलं, “देवमनजी, यातल्या कोणाच्या विमानात तुमी तुमच्या घरच्यायले बसवाल?”

घरची मंडळी रेल्वेनेच जातात, असं देवमनजींनी नम्रपणे सांगितलं. (वाचकांनी हसू नये. श्याम त्याच महिन्यात नोकरीला लागला. मागच्या खेपेला तुम्ही त्याच्याच विमानात होता. खिडकीची जागा मिळाली म्हणून तुमचं दुसरीकडे लक्ष नव्हतं, इतकंच.)

नगमाने तासाचा कागद परत केला. इंजिनं कोणी बंद करत नव्हतं, म्हणून तिला ओरडूनच बोलावं लागलं.

“अब्बा, तुमचं बरोबर होतं. त्या घंट्यात मी काहीच नाही शिकली.”