फुकट आहे, बेवारस नाही

आमच्या टिपणीसकाकांनी आयुष्यात एकदाही न वाचता 'मंजूर' हे बटण दाबलेलं नाही. फोन घेतला तेव्हा रावपुऱ्यातल्या दुकानात त्यांनी सगळ्या अटी वाचून काढल्या. दुकानदाराने दोनदा चहा पाजला, तिसऱ्यांदा शटर अर्धं ओढलं. काका म्हणाले, "सहाव्या कलमात शुद्धलेखनाची चूक आहे."

एका केमिकल कारखान्याच्या सुरक्षा विभागातून निवृत्त होऊन ते आमच्या अलकापुरीतल्या ऑफिसात आले. आम्ही शाळांसाठी विज्ञानाचे व्हिडिओ बनवतो आणि ते आमच्याच प्लेअरसकट पेन ड्राइव्हवर विकतो. मी एडिटिंग करते. काकांचं काम फक्त सबटायटल तपासायचं.

पण प्लेअरमध्ये ओपन सोर्स, म्हणजे लिहिणाऱ्यांनी सगळ्यांसाठी फुकट खुला ठेवलेला कोडेक घातलाय, हे त्यांच्या कानावर गेलं. कोडेक म्हणजे व्हिडिओची घडी घालणारा आणि बघताना ती उलगडणारा प्रोग्रॅम.

"याचं लायसन्स कुणी वाचलंय?" काकांनी विचारलं.

"मफत छे ने, काका!" आमचे गुजराती मालक हितेशभाई हसले. "चालशे!"

"चालशे हा शब्द कायद्यात नाही. फुकट आहे, बेवारस नाही."

तीन आठवडे काका लायसन्स वाचत होते. मग निकाल लागला. विकायला हरकत नाही, पण लायसन्सची प्रत सोबत द्यायची, लिहिणाऱ्यांची नावं द्यायची, कोडेकमध्ये आपण केलेले बदल मागेल त्याला दाखवायचे. कोडेकमधल्या एका तुकड्याची अट जास्त कडक होती. तो ठेवला तर आमचा अख्खा प्लेअरच सगळ्यांना खुला करावा लागला असता. तो काढला. शिवाय प्रोग्रॅम खुला असला तरी घडी घालण्याच्या पद्धतीवर दुसऱ्याच कुणाचं पेटंट असू शकतं, असा नवाच शोध लागला. म्हणून सगळे धडे पेटंटवाल्यांनी मोकळ्या केलेल्या दुसऱ्या कोडेकमध्ये बदलायचे ठरले. बदलायचे कुणी? मी! महिनाभर मी काकांशी धड बोलले नाही.

आणि मग ती बाई आली. एका मोठ्या शिक्षणसंस्थेला आमचे धडे सगळ्या शाळांत हवे होते, तिची ती वकील. खुर्चीवर बसता बसताच तिने विचारलं, "तुमचा कोडेक कुठला? विकायचा हक्क कशावरून?" आमच्याआधी तिने तपासलेल्या दोन कंपन्या याच प्रश्नावर बाद झाल्या होत्या.

हितेशभाईंनी माझ्याकडे पाहिलं, मी छताकडे. तेवढ्यात काका एक जाडजूड लाल फाइल घेऊन आत आले.

"कुठून सुरू करू? लायसन्स की पेटंट?"

तासभर ती विचारत होती, काका पान उलटून बोट ठेवत होते. शेवटी तिने चष्मा काढला. "एवढं नीट काम मी कुठल्याच कंपनीत पाहिलेलं नाही. हे कुणी केलं?"

"अमारा काकाए!" हितेशभाई ओरडलेच. करार त्याच दुपारी झाला. ऑफिसभर सेवउसळ वाटली गेली आणि मी काकांची जाहीर माफी मागितली.

दुसऱ्या दिवशी पाहते तर काका कोडेक लिहिणाऱ्या सगळ्या चौदा जणांना एकेक ईमेल लिहीत होते. 'तुमच्यामुळे आमच्या मुलांना हृदय कसं चालतं ते दिसतं. आभार.'

"हे पण अटींत आहे?" मी विचारलं.

"नाही गं. पण कुणीतरी म्हणायला हवं ना."

पुढच्या सोमवारी मी ऑफिसात पोचले, तर काका माझ्या टेबलापाशी उभे. एकाचं उत्तर आलं होतं, कुठल्याशा बर्फाळ गावातून. त्यांनी मला ते मोठ्याने वाचायला लावलं. 'इतक्या वर्षांत मला फक्त तक्रारी आल्या. आभाराचं हे पहिलंच पत्र. बायकोला दाखवलं.'

"केव्हा आलं हे?"

"शनिवारी संध्याकाळी." काका खिडकीबाहेर बघत म्हणाले. "सोमवारची वाट पाहत होतो. सुभानपुऱ्यात घरी सांगायला कुणी नाही ना आता."

मी हितेशभाईंना हाक मारली, सगळ्या ऑफिसला बोलावलं, आणि ते पत्र पहिल्या ओळीपासून पुन्हा वाचलं.